घोट न गिळणारा उज्ज्वल

आमच्या शेजारचा उज्ज्वल मेश्राम थुंकून पोट भरतो, असं मी नव्या माणसाला हमखास सांगायचे. माणूस दचकायचा. रस्त्यावर थुंकलं तर दंड करणाऱ्या या सिंगापुरात असली नोकरी कोण देतं, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर यायचा. मग मी सावकाश खुलासा करायचे, कारण लोकांना थोडं ताटकळत ठेवायला मला आवडतं.

खुलासा असा, की परदेशी वाइन आणून हॉटेलांना पुरवणाऱ्या एका कंपनीत उज्ज्वल चव घेण्याच्या कामावर होता. शिक्षण नागपूरचं, फूड टेक्नॉलॉजीचं. सकाळी दहा-बारा पेल्यांतली एकेक गुळणी तोंडात घ्यायची, जिभेवरून फिरवायची, थोडी हवा आत ओढायची आणि थुंकून टाकायची. मग लिहायचं, की ही कशी लागते आणि इथल्या कोणत्या खाण्याबरोबर जाईल. त्या धंद्यातले बाकीचे लोकही थुंकतात, पण काही खास हाती लागलं की एखादा घोट हळूच खाली सोडतात. उज्ज्वलने सोळा वर्षांत एक थेंबही गिळला नव्हता. तशी त्याची शपथ होती.

मी गिरिजा. नवरा शामकांत जहाजावर चीफ इंजिनिअर, म्हणजे सहा महिने पाण्यावर आणि सहा महिने माझ्या डोक्यावर. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, पण हौगांगच्या या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर आता सत्तावीस वर्षं झाली. उज्ज्वल, त्याची बायको एकता आणि मुलगी गार्गी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याच आठवड्यात त्याने आमची बेल वाजवली. मला वाटलं, मासे तळल्याची तक्रार घेऊन आला. एका भांडणाची तयारी करूनच मी दार उघडलं. तर हा म्हणतो, "ताई, बोंबलांना रवा लावलाय की तांदळाचं पीठ? वासावरून रवा वाटतो, पण खात्री होत नाही."

रवाच होता. त्या दिवसापासून तो माझा झाला. नाक असलेली माणसं मला आवडतात. माझं स्वतःचं नाकही असंच आहे, वासात मी कधी चुकत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

शपथेची गोष्ट त्याने मला एकदम नाही सांगितली, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. वडील यादवराव चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होते. माणूस हसरा, भजनी मंडळात ढोलकी वाजवणारा, आणि संध्याकाळ झाली की पिणारा. दारू ही काही एकाच घराची मिरास नाही, माझा सख्खा काका वेंगुर्ल्यात काजूच्या फेणीवर संपला. पण यादवरावांची एक रीत होती. रात्री धिंगाणा झाला की सकाळी ते उज्ज्वलला जवळ बोलवायचे, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि बायकोला म्हणायचे, आजपासून सोडली. आठ दिवसांत पुन्हा सुरू. खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो, असं वस्तीतल्या पोरांनी उज्ज्वलला सांगितलेलं. त्यामुळे वडील पिऊन आले की हा अंथरुणात पडून स्वतःची नाडी बघायचा, चालू आहे की नाही. "त्या हाताचं वजन अजून आठवतं मला," तो एकदा म्हणाला. मी त्याला आणखी एक बोंबील वाढला. दुसरं काय करणार.

तो अकरा वर्षांचा असताना यादवराव गेले. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी पंचशील म्हटलं, आणि मद्य न घेण्याच्या पाचव्या शीलापाशी या पोराने मनाशी ठरवलं, की आपल्या घशाखाली हे कधी जाणार नाही. त्याची आई शांताबाई अंगणवाडीत होती. तिने पुढे वस्तीतल्या बायका जमवून दारूचे दोन गुत्ते बंद पाडले. एकदा डोकं फुटलं, चार टाके पडले. ते टाके ती पदर सरकवून दाखवायची, दागिना दाखवावा तसे.

अशा आईचा मुलगा वाइनच्या कंपनीत लागला, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून चंद्रपूरला जाऊन सांगितलं. शांताबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गिळत तं नाहीस ना?" तो म्हणाला, नाही. "मग थुंक," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. मुलाच्या शब्दावर तिचा विश्वास होता, आणि त्या विश्वासावर उज्ज्वलची सोळा वर्षं उभी होती.

पाच वर्षांपूर्वी शांताबाई इथे राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने लिफ्टमधल्या चिनी आज्यांशी मैत्री केली, कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडे दुपारी यायची, लसूण सोलून द्यायची आणि माझं कालवण पाणचट असतं असं तोंडावर सांगायची. मी तिला सोडत नसे, तीही मला सोडत नसे. आमचं छान जमलं.

मागच्या नोव्हेंबरात उज्ज्वलच्या कंपनीत ती इटलीची वाइन आली. सार्डिनिया नावाचं बेट आहे, त्याच्या उत्तरेच्या खडकाळ भागात वर्मेंतिनो जातीची द्राक्षं होतात, त्यांची ही पांढरी वाइन. शामकांतने ती तिथल्या बंदरात प्यायली होती, भाजलेल्या माशाबरोबर. त्याला विचारलं कशी लागते, तर म्हणाला, गार लागते. इंजिन रूममधल्या माणसाकडून जास्त अपेक्षा नाही. कंपनीला ती इथल्या हॉटेलांत आपल्या किनाऱ्यावरच्या जेवणाबरोबर द्यायची होती, आणि उज्ज्वलला समुद्राचे मासे कळत नव्हते. चंद्रपूरला समुद्र कुठला. म्हणून दर शनिवारी सकाळी तो बाटली, थर्मामीटर आणि थुंकायचा झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन माझ्या ओट्याशी हजर.

वाइन फार गार नको, फ्रिजमधून काढून जरा बाहेर ठेवायची, नाहीतर वास झोपतो, हे मला त्याने शिकवलं. रंग फिकट, गवताच्या काडीचा. नाकाशी धरली की आधी लिंबाची साल, मग कच्ची नासपती, आणि मागून रानातला पाला चुरगळल्यासारखा वास, त्यात बडीशेपेची एक काडी. तोंडात कोरडी, गोडाचं नाव नाही, आणि कडेने मिठाची कणी. शेवटी कडू बदाम चावला गेल्यासारखा कडवटपणा. हा शेवट फक्त घशाशी नीट कळतो. उज्ज्वल तिथपर्यंत यायचा, थांबायचा आणि डबा उघडायचा.

"हिचा शेवट घशात आहे, ताई. मला तो निम्माच कळतो," तो म्हणाला. म्हणून त्याच्यासाठी मी गिळायचे. गिळून सांगायचे, किती वेळ कडू राहिलं, कुठे राहिलं, आणि तो वहीत लिहायचा. साठीला आलेली बाई शनिवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्याचा घसा म्हणून वाइन पीत होती. शामकांत फोनवर हसून हसून दमला.

रव्याचे बोंबील तिच्याबरोबर झकास गेले. तळणीचा तेलकटपणा ती एका घोटात धुऊन काढायची. माझ्या तिखट कालवणाबरोबर मात्र तिने दगा दिला, मिरचीवर पडून नुसती जाळायला लागली. सोलकढीच्या आंबटापुढे ती पाण्यासारखी झाली. ओलं खोबरं घालून, मिरचीला हात आखडता घेऊन केलेल्या शिंपल्या, आमच्या तिसऱ्या, तिला आवडल्या, असं उज्ज्वल म्हणायचा, म्हणजे वाइनला आवडल्या. कडव्या वालाचं बिरडं मी हौसेने केलं, तर कडूवर कडू चढलं आणि दोघंही तोंड वाकडं करून बसलो. सगळ्यांत बाजी मारली गाबोळीने. त्या बेटावर माशाची अंडी मिठात दाबून वाळवतात आणि खाण्यावर किसून घालतात म्हणे. आपली गाबोळी हळद-मीठ लावून तव्यावर परतली, की त्या खारटपणाने वाइनचा कडवटपणा पार मऊ व्हायचा.

पण त्या शेवटाला खरं उत्तर सापडलं ते शांताबाईकडे. ती लसूण सोलत बसलेली, आमचं सगळं बघत. उठून घरी गेली आणि वाटीभर जवसाची चटणी घेऊन आली. "हे चाख," मुलाला म्हणाली. भाजलेल्या जवसाचा तो टरफलासारखा कडसर स्वाद आणि वाइनचा कडू बदाम, दोन्ही असे मिळाले की उज्ज्वल वही ठेवून नुसता आईकडे बघत राहिला. गाबोळीवर जवसाची चटणी भुरभुरायची. कोकण आणि चंद्रपूर एका ताटलीत. वहीत हे लिहून त्याने खाली रेघ मारली.

फेब्रुवारीत कंपनीला हॉटेलच्या आचाऱ्याला दाखवण्यासाठी ती चटणी पुन्हा हवी होती. शांताबाईने केली. आम्ही चाखली, तर मिठाच्या जागी साखर. उज्ज्वलने अख्खा चमचा खाल्ला आणि म्हणाला, छान झाली. विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. एकता नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये आहे, तिने तपासण्या करून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे मागे फिरणारं दुखणं नाही, माणसाला सांभाळत राहायचं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, आणि सांभाळायचं म्हणजे काय ते कोणालाच कळलेलं नव्हतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी तिसऱ्यांची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सहाचा सुमार. शांताबाई गार्गीचे केस विंचरून देत होती. दारात किल्ली फिरली, उज्ज्वल आत आला, बूट काढायला वाकला. शांताबाई उठली. गार्गीला दंडाला धरून तिने आतल्या खोलीत ढकललं, दार ओढून घेतलं आणि स्वतः त्या दारापुढे उभी राहिली.

"आले का?" ती म्हणाली. "जेवण झाकून ठेवलंय. पोट्टा झोपलाय, त्याला उठवू नका."

उज्ज्वल आधी हसला. आई थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. तो पुढे आला तशी चार टाके मिरवणारी ती बाई हात डोक्यावर घेऊन खाली बसली. मग त्याला कळलं. तो जिथे होता तिथेच थांबला, आणि एक बूट पायात, एक हातात, असा दहा मिनिटं उभा होता. हलला की ती दचकायची.

त्या दिवसानंतर हे वरचेवर व्हायला लागलं. सकाळी ती त्याला ओळखायची, चहात आलं कमी आहे म्हणून त्याच्यावर ओरडायची. संध्याकाळी तो आत आला की तो यादवराव झालेला असायचा. ती भाताचं पातेलं पलंगाखाली लपवायची, सुरी-विळी ओट्याखाली सरकवायची. ज्या माणसाच्या घशाखाली आयुष्यात थेंब गेला नव्हता, त्याला त्याच्याच घरात दारुडा म्हणून भ्यायचं, आणि तेही त्याच्या आईने. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं ते मलाच ठाऊक. पण शांताबाईवर रागवायचं कसं?

तेव्हा मी माझं अतिशहाणपण केलं. मी म्हटलं, हा वासाचा खेळ आहे. दिवसभर तू वाइन घोळवतोस, कपड्यांना, मिशीला, श्वासाला वास येतो, तिच्या मनात तोच जुना वास जागा होतो. उज्ज्वलला ते पूर्ण पटलं नाही. मोहाच्या दारूचा वास आणि या वाइनचा वास यांत काहीच नातं नाही, असं तो म्हणाला. त्याच्याइतकं हे कोणाला कळणार. पण मी ठासून सांगितलं, वासात मी चुकत नाही. आणि माणूस अडचणीत असला की दुसऱ्याच्या खात्रीवर विसंबतो.

मग आमचे उपाय सुरू झाले. तो ऑफिसातून सुटला की एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, थेट माझ्याकडे यायचा. आंघोळ करायचा, मी धुऊन ठेवलेला शर्ट घालायचा, ओवा चावायचा. कोणत्या दिवशी काय केलं आणि आईने ओळखलं की नाही, हे तो वाइनच्याच वहीत मागच्या पानांवर लिहायचा. एक दिवस माझ्याकडे तळलेले बोंबील खाऊन गेला आणि शांताबाई म्हणाली, "उज्ज्वल, मासे खाऊन आलास, मला नाही आणले?" तो धावत माझ्याकडे आला, डोळ्यांत पाणी. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज बोंबील तळायला घेतले. इतकी वर्षं कोणत्या वाइनबरोबर काय खावं हे शोधणारा माणूस आता कोणतं खाणं वाइनला पुसून टाकेल ते शोधत होता. आठ दिवस बोंबील चालले. त्यांतले पाच दिवस तिने ओळखलं. नवव्या दिवशी तोच मासा, तोच रवा, तोच शर्ट, आणि ती पलंगाच्या मागे जाऊन बसली.

"काम सोडतो," तो म्हणाला.

मी त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, उलट बरोबर आहे म्हटलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने कंपनीत सांगून ते काम सोडलं आणि दुसरीकडे सुपाच्या पाकिटांचे मसाले चाखण्याचं धरलं. वर्मेंतिनोची वही त्याने दुसऱ्याच्या हवाली केली, मागची पानं फाडून घेतली. मी विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, "आईने ओळखलं तर नाही वाटणार."

एकवीस दिवस गेले. घरात वाइन नाही, अंगाला वास नाही. शांताबाई तशीच. उलट आता सकाळीही कधी कधी.

गार्गी सोळाची आहे, इथल्या शाळेतली. एका संध्याकाळी बाप जिन्यात बसलेला दिसला, तशी ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "पप्पा, यू स्मेल ओके, लाह. आजी थिंक्स यू आर समवन एल्स. नॉट युअर फॉल्ट." पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. पण तिलाही ते अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं एकताने दाखवलं. सासूच्या पेटीत औषधांचे कागद शोधताना तिला एक फोटो सापडला, तो घेऊन ती माझ्याकडे आली. खाणीतल्या ओळखपत्रासाठी काढलेला असावा. मी म्हटलं, उज्ज्वलने हा असला जुनाट शर्ट कधी घातला होता? एकताने तो माझ्या हातात दिला. मी उलटून मागे लिहिलेलं वाचलं. यादवराव मेश्राम, वय सेहेचाळीस. त्याच वर्षी ते गेले.

तेच कपाळ, कानांवर तेच पांढरे केस, डावीकडे जरा वर चढणारी तीच भुवई. उज्ज्वलला जानेवारीत सेहेचाळीस पूर्ण झाली होती. वासाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. शांताबाईला तो ज्या दिवशी ओळखू यायचा तो निव्वळ योग होता, बोंबलांचं त्यात काही नव्हतं. माझ्या नाकापायी त्या माणसाने सोळा वर्षांचं काम सोडलं.

मी त्याच्यापाशी जाऊन सरळ सांगितलं, की चूक माझी. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला. त्या आठवड्यात त्याने मिशी काढली, केस काळे केले, चष्म्याची फ्रेम बदलली. शांताबाई त्याला म्हणाली, "मिशी काढली म्हणून मी भुलणार नाही." हे त्याने मला हसत सांगितलं, आणि मग म्हणाला, "वाइन थुंकता येते, ताई. चेहरा कुठे थुंकू?"

वेसाक डेला इथे सुट्टी असते, आपली बुद्धपौर्णिमा. सकाळी त्यांच्याकडे वंदना होती, मला बोलावणं होतं. शांताबाई पांढऱ्या साडीत मूर्तीपुढे बसली आणि पंचशील एकही शब्द न अडखळता म्हणाली. स्वतःचं वय विसरलेली बाई, पण ते सगळं जागच्या जागी. पाचवं शील म्हणताना तिने मान वळवून उज्ज्वलकडे बघितलं. तोही म्हणत होता. मग खीर झाली, जेवणं झाली.

दुपारी तीनच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. माझ्या फ्रिजमध्ये वर्मेंतिनोची एक बाटली राहिली होती, सीलबंद, ती द्या म्हणाला. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "तिला यादवराव दिसतात ना, मग यादवराव दारू सोडतील. तिच्यादेखत. निदान भीती तरी जाईल." असलं नाटक करू नको, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? एकदा सल्ला देऊन बसले होते. मी बाटली काढून दिली आणि त्याच्या मागोमाग गेले.

शांताबाई स्वयंपाकघरात होती. त्याला हातात बाटली घेऊन आलेला बघितल्यावर ती तांदळाच्या डब्याला पाठ लावून उभी राहिली. एकता दारात, मी तिच्या मागे. उज्ज्वल सिंकपाशी गेला. त्याने बाटली उघडली. सवयीने त्याचं नाक तिच्यावर गेलं, मग त्याने मान मागे घेतली.

"शांता," तो म्हणाला. आईला नावाने हाक मारायची त्याची ती पहिलीच वेळ. "आजपासून सोडली."

आणि बाटली उपडी केली. लिंबाच्या सालीचा, रानातल्या पाल्याचा तो वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. वाइन संपायला बराच वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. शांताबाईचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्या इतकी जवळ आली, की आता सगळं ठीक होणार असं मला वाटलं. तिने सिंकमध्ये वाकून बघितलं.

"मागच्या चौदा एप्रिललाही तुम्ही अशीच नालीत ओतली होती," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती, राग नव्हता. ती फक्त थकली होती.

"आज खरंच," तो म्हणाला.

"मग पोट्ट्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

उज्ज्वलने एकताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी काय करणार होतो? त्याने रिकामी बाटली ओट्यावर ठेवली, उजवा हात उचलला आणि हळूच स्वतःच्या डोक्यावर ठेवला. लहान मुलासारखे त्याने डोळे मिटले.

"तुमच्या नाही," शांताबाई म्हणाली. "पोट्ट्याच्या."

आणि ती त्याला शोधायला निघाली. हॉलमध्ये गेली, मग आतल्या खोलीत, मग बाथरूमचं दार उघडून बघितलं. "उज्ज्वल," ती हाक मारत होती, "अरे उज्ज्वल, बाहेर ये, बाबा काही नाही करत." प्रत्येक खोलीतून हाक येत होती. आणि तो ओट्यापाशी उभा राहून, डोक्यावरचा हात न काढता, प्रत्येक हाकेला ओ देत होता.